किल्ली कोणाकडे? ‘क्रिस्तुस विवित’ आणि धर्मग्रामातलं युवाकार्य

(शब्दांकन करताना बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी फोनवर विषय सांगितला तो असा: ‘कॅथलिक धर्मग्रामात युवाकार्य कसं सुरू करावं’. मी म्हटलं, कसं सुरू करावं हे सांगायचा अधिकार माझा नाही, पण ते कसं बंद पडतं हे मात्र मी साक्षीपुराव्यासकट सांगू शकतो. [हशा] ते म्हणाले, मग तेच सांगा. पण नुसत्या आठवणी सांगून तास काढायचा हे मला प्रशस्त वाटेना. म्हणून एक पुस्तक सोबत आणलंय. पोप फ्रान्सिस यांचं ‘क्रिस्तुस विवित’. नाव लॅटिन, अर्थ ‘ख्रिस्त जिवंत आहे’. तरुणांना आणि सगळ्या ख्रिस्तसभेला उद्देशून लिहिलेलं हे पत्र. २५ मार्च २०१९ रोजी इटलीतल्या लोरेतो या तीर्थक्षेत्री त्यावर त्यांनी सही केली. नऊ प्रकरणं, २९९ परिच्छेद. सातवं प्रकरण युवाकार्यावर आहे. आज मुख्यतः तेवढंच वाचायचं आणि ते आमच्या वसईच्या मातीत टिकतं का ते बघायचं.

जे कॅथलिक नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. धर्मग्राम म्हणजे एक चर्च आणि त्याच्या भोवतीची गावं, आळ्या. एक प्रमुख धर्मगुरू असतात, जमलं तर एखादे सहाय्यक. मिस्सा म्हणजे आमची मुख्य उपासना, रविवारी चुकवायची नाही अशी. आणि दृढीकरण हा एक संस्कार. लहानपणी आईवडिलांनी बाप्तिस्मा दिला, आता तू मोठा झालास, तुझ्या तोंडाने हो म्हण, असा त्याचा भाव. प्रत्यक्षात काय होतं? बिशप येतात, फोटो निघतात, घरी जेवणावळ होते, आणि पुढच्या रविवारपासून मुलं दिसेनाशी होतात. दृढीकरण हा आमच्याकडे चर्चचा निरोप समारंभ झालाय, असं मी एकदा सभेत बोललो होतो. तेव्हा काही मंडळी रागावली. आता कोणी रागावत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तर माझी साक्ष. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या तेव्हाच्या धर्मगुरूंनी मला बोलावलं. म्हणाले, मास्तर, युवक मंडळ काढायचंय, तुम्हाला मुलांची सवय आहे. मी शाळामास्तर, मला फार बरं वाटलं. आम्ही जे सगळे करतात तेच केलं. कमिटी केली, इंग्रजी नाव शोधलं, टी-शर्ट छापले, पाहुणे बोलावून उद्घाटन केलं. वर्षभराचं वेळापत्रक मीच तयार केलं, छान चौकटी आखून. पहिला रविवार बायबल, दुसरा सामाजिक विषय, तिसरा व्यक्तिमत्त्व विकास, चौथा खेळ. पहिल्या सभेला हॉल भरला. दोन दिवसांच्या निवासी शिबिरात तर मुलं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. मला वाटलं, जिंकलं! ईस्टर येईपर्यंत अकरा जण उरले. त्यातले चौघे पदाधिकारी, म्हणजे त्यांना न येऊन सांगतात कोणाला. [हशा]

तेव्हा मी दोष कोणाला दिला? मुलांना. मोबाईलला, क्लासला, आईवडिलांना. आमच्या कमिटीच्या इतिवृत्तात ‘युवकांमध्ये उदासीनता’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

पुढे या पुस्तकातला २१२ वा परिच्छेद वाचला आणि कोणीतरी खिडकीतून आपल्याला बघत होतं की काय असं वाटलं. तिथे पोप म्हणतात ते थोडक्यात असं: तरुणांना आधी देवाचा उत्कट अनुभव येतो, मन हलतं, आणि त्यानंतर आपण त्यांच्यासमोर ठेवतो काय, तर सिद्धान्त आणि नीतिनियमांवरच्या बैठका. आजच्या जगातली वाईट गोष्ट, ख्रिस्तसभेची शिकवण, ब्रह्मचर्य, विवाह, संततिनियमन. मुलं कंटाळतात, ती पेटलेली ज्योत विझते, कित्येक जण निघून जातात. हा परिच्छेद म्हणजे माझ्या वेळापत्रकाचंच परीक्षण होतं.

या पुस्तकाचं पहिलं बळ हे, की अपयशाचा पत्ता ते बरोबर लिहितं. युवाकार्याच्या दोन वाटा त्यात सांगितल्यात. एक, नव्या तरुणांपर्यंत पोचायचं. दुसरी, जे आले त्यांनी वाढायचं. आणि वाढणं म्हणजे पाठांतर वाढणं नव्हे, हे स्पष्ट सांगितलंय. सिद्धान्त नको असं पोप म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं, मुळाशी गेलेला अनुभव पुन्हा पुन्हा जागा करा, आणि सोबत बंधुभाव आणि सेवा यांत त्यांना वाढू द्या.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात युतुख नावाचा एक तरुण भेटतो. त्रोवस गावी संत पौल बोलत होता, बोलता बोलता मध्यरात्र झाली. हा खिडकीत बसलेला. त्याला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. चर्चमध्ये प्रवचन ऐकताना झोपलेला पहिला नोंदलेला तरुण! [हशा] पण पुढचं बघा. पौल बोलणं थांबवून खाली गेला, त्याला कवेत घेतलं, म्हणाला, घाबरू नका, हा जिवंत आहे. मग वर जाऊन भाकर मोडली आणि पुन्हा पहाटेपर्यंत बोलत राहिला, ते सोडून द्या, ते आम्हा मास्तरांचं लक्षण आहे. मुद्दा हा की तो खाली उतरला. झोपणाऱ्यांच्या उदासीनतेवर त्याने इतिवृत्त लिहिलं नाही.

आता पुस्तकाकडे जरा कठोरपणे बघू. समीक्षा म्हटली की तेही करायला हवं.

हे पत्र आलं कुठून? ऑक्टोबर २०१८ मध्ये रोमला बिशपांची सिनड झाली, म्हणजे धर्मसभा, विषय तरुण. त्याआधी मार्चमध्ये जगभरातून सुमारे ३०० तरुणांना रोमला बोलावलं होतं, आणि आणखी हजारो तरुण ऑनलाइन सामील झाले होते. ही चांगली गोष्ट. पत्रातही पोप कधी तरुणांशी थेट बोलतात, कधी सगळ्या ख्रिस्तसभेशी. थेट बोलतात तेव्हा भाषा इतकी जवळची होते की एखादे आजोबा ओट्यावर बसून नातवाशी बोलतायत असं वाटतं. चौथं प्रकरण काढून बघा.

पण सातव्या प्रकरणाशी आलं की व्याकरण बदलतं. तिथे लिहिलंय, युवाकार्याचे कर्ते स्वतः तरुणच आहेत. सुंदर वाक्य. पण हे वाक्य सांगितलंय कोणाला? आम्हाला. थोरांना, धर्मगुरूंना. ज्या पानावर तरुण कर्ते आहेत असं म्हटलंय, त्याच पानावर तरुण ‘ते’ झालेत. त्यांना साथ द्यावी, मार्गदर्शन करावं, मोकळीक द्यावी. देणारे आपण, घेणारे ते. शब्दात कर्तेपण आलं, वाक्यात मात्र ते कर्मच राहिले. शाळेत मी प्रयोग शिकवायचो, म्हणून मला हे खटकतं. हा काही भाषेचा किरकोळ दोष नव्हे. धर्मग्रामात नेमकं हेच होतं. ‘युवकांनी पुढाकार घ्यावा’ असं सूचनापत्रात लिहिलेलं असतं, सही प्रमुख धर्मगुरूंची.

दुसरी गोष्ट. सिनडने तरुण म्हणजे साधारण १६ ते २९ वर्षं असं धरलं. सोळाची मुलगी अकरावीत. अठ्ठावीसचा मुलगा अंधेरीला नोकरी करतो, घराचं कर्ज बघतो, लग्नाला होकार येत नाही म्हणून झोपत नाही. दोघांना एका खोलीत बसवून ‘युवा’ म्हणायचं. जगासाठी लिहिलेल्या पत्रात हे चालून जाईल, पण धर्मग्रामात चालत नाही. तिथे मोठी मुलं बोलतात, लहान ऐकतात, मग लहान यायचे थांबतात आणि मोठ्यांची लग्नं होतात. मंडळ संपतं. कोणी बंद केलं असंही म्हणता येत नाही.

आणि भाषा. वसईत तर हा प्रश्न फारच नाजूक. आमच्या घरात कोणी कादोडी बोलतं, कोणी वाडवळी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन गेली, मिस्सा मराठीत आली, आणि मराठी ही आमची प्रार्थनेची भाषा झाली. त्यासाठी आधीच्या पिढीने कष्ट घेतले. आता नातवंडं इंग्रजी माध्यमात आहेत. ती आजीशी बोलीत भांडतात, चर्चमध्ये मराठीत उत्तरं देतात आणि रात्री मनातलं देवाला इंग्रजीत सांगतात. मग युवाकार्य कोणत्या भाषेत? इंग्रजीत घेतलं तर वाडीतला, दादरच्या बाजारात भाजी नेणारा मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसतो. मराठीत घेतलं तर दुसरे हसून गप्प बसतात. पत्रात तरुणांची भाषा समजून घ्या असं आहे, पण ती भाषा म्हणजे प्रेमाची, जवळिकीची. ते खरंच आहे. पण आमच्याकडे प्रश्न अगदी शब्दशः भाषेचा आहे. माझं मत विचाराल तर जी भाषा भांडणात आपोआप तोंडातून येते, ती चालू द्यावी. खिचडी झाली तर होऊ दे.

आता पुस्तकातल्या ज्या परिच्छेदाजवळ मी थांबतो, तो २१८ वा. त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. त्यात म्हटलंय, तरुणांना स्वतःची म्हणता येईल अशी जागा द्या. त्यांना हवी तशी ती मांडता यावी, मोकळेपणी यावं-जावं, एकमेकांना सहज भेटता यावं. बस, एवढंच. दिसायला साधं, पण सगळ्या प्रकरणातली ही एकच गोष्ट अशी आहे जिला कुलूप लागतं. बाकी सोबत, ऐकणं, स्वागत हे सगळे भाव आहेत. भावाचा हिशेब मागता येत नाही. जागेचा मागता येतो. खोली कोणती? वीजबिल कोण भरणार? रात्री किती वाजेपर्यंत? किल्ली कोणाकडे?

आमच्या मंडळाच्या वेळी काय होतं सांगू? हॉलची किल्ली ऑफिसात. ऑफिस बंद होणार संध्याकाळी सहाला. मुलं चर्चगेटहून विरार लोकलने लोंबकळत येणार साडेआठला. हॉल लग्नाला भाड्याने गेला की आमची सभा रद्द, तेही गेटवर आल्यावर कळायचं. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘सर, आमचं मंडळ आहे म्हणता, मग आम्ही पाहुण्यासारखे का उभे असतो?’ मी तिला काहीतरी शिस्तीचं उत्तर दिलं. ते उत्तर आता आठवतही नाही, प्रश्न आठवतो.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर घोटाळा होईल. किल्ली द्या म्हणजे अल्पवयीन मुलांना वाऱ्यावर सोडा असं नाही. मुलांवरच्या अत्याचारांनी ख्रिस्तसभेची मान जगभर खाली गेली आहे. याच पत्रात तिसऱ्या प्रकरणात त्यावर स्पष्ट लिहिलंय, आणि धर्माधिकाराच्या अहंकाराशी त्याचा संबंधही जोडलाय. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. तेव्हा अठराखालची मुलं असतील तिथे दोन जबाबदार प्रौढ हवेत, एकटा कधीच नाही, मग तो धर्मगुरू असो की मास्तर. दार उघडं, पालकांना माहिती. पण लक्षात घ्या, ज्या मुलांना प्रश्न विचारायची सवय आहे, ज्यांना ही जागा आपली वाटते, ती मुलं काही वेडंवाकडं घडलं तर बोलतात. पाहुण्यासारखी उभी राहणारी मुलं बोलत नाहीत. हे दोन वेगळे विषय आहेत असं मला वाटत नाही.

बेल्जियममधल्या योसेफ कार्डाइन या धर्मगुरूची गोष्ट इथे आठवते. ब्रसेल्सजवळच्या लाकेन या कामगारवस्तीत ते सहाय्यक म्हणून गेले १९१२ साली. तरुण कामगार मुलामुलींचे छोटे गट त्यांनी केले आणि त्यातून १९२५ साली ‘तरुण ख्रिस्ती कामगार’ ही संघटना आकाराला आली. त्यांची पद्धत तीन क्रियापदांची: बघा, पारखा, करा. आधी बघा, म्हणजे तुमच्या कारखान्यात, तुमच्या घरात काय चाललंय ते सांगा. मग शुभवर्तमानाच्या उजेडात पारखा. मग काहीतरी करा, लहान का होईना. पुढे १९६१ साली पोप जॉन तेविसावे यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात ही पद्धत उचलून धरली. या तिन्ही क्रियापदांचा कर्ता तरुण आहे. सातव्या प्रकरणाच्या व्याकरणात मला जे कमी वाटतं, ते इथे शंभर वर्षांपूर्वी होतं.

आणि लांब कशाला जायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, तेव्हा वसईतल्या तरुणांना कोणी ‘युवाकार्य’ म्हणून हाका मारत बसलं नव्हतं. जमिनीचा प्रश्न होता, विहिरीच्या पाण्याचा होता. प्रश्न त्यांच्या घरचा होता, म्हणून ते आले. पत्रात ‘लोकाभिमुख युवाकार्य’ म्हणून जे सांगितलंय, नेहमीच्या चौकटीबाहेरचं, वेगळ्या वेळेचं, वेगळ्या लयीचं, शंका असलेल्यांनाही सामावून घेणारं, त्याची चुणूक आमच्या माणसांनी तेव्हा पाहिलीय.

पण उलट बाजूही सांगतो. तरुणांना फक्त आंदोलन नाहीतर सहल हवी असते, प्रार्थना नको, हा थोरांचा भ्रम आहे. २२४ व्या परिच्छेदात पोप सांगतात की अनेक तरुणांना शांतता आणि देवाशी जवळीक आवडते. हे मला पटायला वेळ लागला.

दुसऱ्या खेपेला मी मंडळ काढलंच नाही. हे दुसऱ्या धर्मग्रामात, मुलीच्या सासरी राहायला गेल्यावर. तिथल्या सहाय्यक धर्मगुरूंना म्हटलं, तीन महिने सभा घ्यायची नाही, फक्त विचारत फिरायचं. रविवारी सकाळी तुम्ही कुठे असता? एक मुलगा विमानतळावर रात्रपाळी करून तेव्हाच घरी पोचायचा. एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची, घरी सात माणसं आणि एक टीव्ही. एक जण म्हणाला, मी मिस्साला येतो, मागे उभा असतो, तुम्हाला दिसत नाही इतकंच. कोणीही सहल मागितली नाही. चारपाच जणांनी एकच गोष्ट मागितली: बसायला जागा. धर्मशिक्षण वर्गाची एक खोली मिळाली. रात्री सात ते साडेदहा. किल्ल्या दोन, एक त्या अभ्यास करणाऱ्या मुलीकडे, एक माझ्याकडे. साफसफाईची पाळी त्यांनी लावली, माझं नाव पण घातलं.

वर्षभर तिथे बायबलचं नाव निघालं नाही. मला अपराधी वाटायचं. मग त्यांच्यातला एक मुलगा लोकलमधून पडून गेला. बावीस वर्षांचा. त्या रात्री मुलं खोलीत जमली, मी पोचलो तेव्हा दिवा एकच लावलेला होता. कोणी काही बोलत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या मुलीने मला विचारलं, ‘सर, काही वाचता का?’ मी अम्माऊसच्या वाटेचा उतारा वाचला, लूकचा चोविसावा अध्याय. दोन शिष्य यरुशलेम सोडून निघालेत, सगळं संपलंय म्हणून. येशू त्यांच्याबरोबर चालायला लागतो, ते ओळखत नाहीत. आणि तो आधी विचारतो, तुम्ही चालता चालता काय बोलताय? ‘क्रिस्तुस विवित’मध्ये हा प्रसंग युवाकार्याचा नमुना म्हणून येतोच. पण मी तो तोवर उपदेश म्हणून वाचला होता. त्या रात्री मला दिसलं की ते दोघे चुकीच्या दिशेने चाललेत, आणि तो त्यांना वळवत नाही, त्याच दिशेने चालतो. वळले ते स्वतः, रात्री, भाकर मोडल्यावर.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, म्हणजे जमलं. नाही. दोन वर्षांनी त्या धर्मगुरूंची बदली झाली. आमच्याकडे बदल्या ठरावीक वर्षांनी होतात, त्यात गैर काही नाही. नवीन आले ते सज्जन, कामसू. त्यांनी सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या ऑफिसात जमा करायला सांगितल्या. हिशेबासाठी. पत्राच्या २९९ परिच्छेदांत धर्मगुरूच्या बदलीवर एक ओळ नाही, आणि मला वाटतं भारतातली निम्मी युवक मंडळं त्याच दिवशी संपतात. हा माझा अंदाज, आकडा नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

[प्रश्न: सर, मी एका धर्मग्राम मंडळावर आहे. आम्हाला पुढच्या महिन्यात सुरू करायचंय. पहिल्या दिवशी काय करायचं?]

पहिल्या दिवशी उद्घाटन करू नका. [हशा] खरंच सांगतो. आधी एक करा, तुमच्या मंडळात ठराव मांडा: अमुक खोली, अमुक वेळ, वर्षाला अमुक रक्कम, आणि हे धर्मगुरू बदलले तरी चालू राहील. लेखी. मंडळावर पंचविशीच्या आतले दोन जण घ्या, मतदानाच्या हक्कासकट, नुसते निमंत्रित नकोत. ठराव नापास झाला तर तुम्हाला कळेल की तुमच्या धर्मग्रामाला युवाकार्य नको आहे, फक्त नाताळच्या गोठ्याला हात लावायला मुलं हवी आहेत. तेही कळणं वाईट नाही.

[प्रश्न: त्या मुलीचं पुढे काय झालं? किल्लीवाली.]

तिने किल्ली लगेच परत केली नाही. पंधरा दिवस ठेवली. मग परीक्षा पास झाली, दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक झाली, जाताना माझ्या घरी येऊन देऊन गेली. म्हणाली, सर, ऑफिसात तुम्ही द्या, माझ्याने होणार नाही. ती अजून माझ्याच कपाटात आहे. खोलीचं कुलूप बहुतेक बदललं असेल.